खैरनार सरांच्या दोन ओळी

खैरनार सरांच्या शोकसभेत चार जण बोलले आणि चौघंही खोटं बोलले. म्हणजे जे बोलले ते खरंच होतं हो. सर साधे होते, विद्यार्थ्यांत रमणारे होते, निवृत्तीनंतरही दर गुरुवारी कॉलेजात यायचे. पण जे बोलायला हवं होतं त्याला एकानंही हात घातला नाही. मीही तिथंच होते, मागच्या ओळीत, चहाच्या थर्मासजवळ. प्रयोगशाळा सहायकाला शोकसभेत चहाचं बघायचं असतं, बोलायला कोण उठवतंय! आणि उठवलं असतं तरी माझी छाती झाली नसती. चांगल्या घरच्या सुनेसारखी मान खाली घालून बिस्किटं वाटत राहिले.

सर मृगाच्या आठ दिवस आधी झोपेत गेले. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. असेल बाई. मी एवढंच सांगू शकते की त्याआधीचे आठ-नऊ महिने तो माणूस नीट झोपलेला नव्हता.

वनस्पतिशास्त्रात लोक फुलांवर काम करतात, औषधी झाडांवर करतात. निदान लोकांना सांगता येईल असं काहीतरी करतात. सरांनी आयुष्यभर बुरशी केली. पोरं त्यांना 'बुरशे सर' म्हणायची आणि त्यांना ते माहीत होतं. एकदा जिन्यावर कुणीतरी "बुरशे आले, बुरशे आले" म्हणालं, तर सर वरून वाकून म्हणाले, "आले नाहीत, उगवले." माणूस सटाण्याकडचा. शहरात चाळीस वर्षं काढून भाषा अगदी इस्त्रीची झाली होती, पण समोर एखादी नवी बुरशी आली की इस्त्री मोडून अहिराणी बाहेर यायची. खिशातला चाकू काढायचे, रुमाल पसरायचे आणि त्या लिबलिबीत वस्तूला विचारायचे, "हाई काय शे?" वस्तू काय बोलणार! मग सर ती नाकाशी न्यायचे. सरांनी नाशिकमध्ये जेवढं हुंगलं तेवढं कुत्र्यानंसुद्धा हुंगलं नसेल. वास घेतल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. माझ्या डब्याचाही घ्यायचे. "सुनंदाताई, भेंडी शिळी आहे," म्हणायचे, आणि शिळी असायचीच.

त्यांचा एक नियम होता. फोटोवरून नाव सांगायचं नाही. मोबाइल आल्यापासून जो तो फोटो धाडतो: सर हे काय आहे, सर हे खाऊ का, सर माझ्या कुंडीत हे आलंय. सरांचं उत्तर ठरलेलं, "वस्तू आणा." दिंडोरीला त्यांचा एक जुना विद्यार्थी द्राक्षाच्या औषधांचं दुकान चालवतो. त्यानं पानाचा फोटो पाठवला, एकदा, दोनदा, पाचदा. सर लिहायचे, "पान पाठव." शेवटी बिचारा वैतागून फटफटीवर वेलीची फांदी बांधून आला. नाशकातल्या द्वारका चौकात फांदीची निम्मी पानं एका ट्रकनं नेली, उरलेली घेऊन हजर. सरांनी पान उलटं केलं, भिंगाखाली धरलं आणि म्हणाले, "आता बस. चहा घे. तीन दिवसांनी सांगतो." तो म्हणाला, "सर, तीन दिवसांत बाग जाईल." सर म्हणाले, "चुकीच्या औषधानं दोन दिवसांत जाईल."

कारण नुसतं बघूनही ते नाव द्यायचे नाहीत. ओल्या टीपकागदावर ठेवायचे, झाकायचे आणि काय उगवतं त्याची वाट बघत बसायचे. कुणी घाई केली की म्हणायचे, "बारसं बाराव्या दिवशी करतात ते काय उगाच? आधी पोर जगतंय का, कसं दिसतंय ते बघावं, मग कानात नाव सांगावं." माझी निम्मी नोकरी त्यांच्या त्या काचेच्या ताटल्यांवर पाणी शिंपडण्यात गेली. घरी नवरा विचारायचा, आज काय केलंस? मी म्हणायची, बुरशीला पाणी घातलं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. इथवर गोडगोड लिहिणं सोपं होतं.

एम.एस्सी.च्या वर्गात सर एकदा बुरशीच्या गाठींवर शिकवत होते. पिशवीतून सडका कांदा काढला. वर्गभर तो वास, मुली नाकाला ओढण्या लावून बसल्या. कांद्याच्या बुडाला पांढरी जाळी आणि जाळीत मोहरीएवढे तपकिरी दाणे. सर म्हणाले, "शेतकऱ्याला वाटतं ही बुरशीची अंडी. अंडी नाहीत. हा तिचा अडीअडचणीचा डबा आहे." तेव्हा मागच्या बाकावरून एकानं खवचटपणे विचारलं, "सर, ती नशेची ट्रफल्स म्हणतात ती काय भानगड आहे?" वर्गात खसखस पिकली. दुसरा मास्तर असता तर पोराला बाहेर घालवलं असतं. सर खूश झाले. उभ्या जन्मात कुणी इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता, असा चेहरा.

"पहिली गोष्ट, ते ट्रफल नाहीच," सर म्हणाले. "खरं ट्रफल हे बुरशीचं फळ. जमिनीखाली झाडाच्या मुळांशी धरतं, आत बीजाणू असतात. युरोपात लोक कुत्री घेऊन हुंगत शोधतात आणि सोन्याच्या भावानं विकतात. तू म्हणतोस ते फळ नाही, बी नाही, कंद नाही. ती गाठ आहे. दुकानदारानं मोठ्या घरचं नाव लावलं, एवढंच."

मग खडू ठेवून दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून दाखवायला लागले. "बुरशी म्हणजे वरची छत्री नव्हे. छत्री चार दिवसांची. खरी बुरशी खाली, मातीत, धाग्याधाग्यांनी पसरलेली. खायला-प्यायला मिळतंय तोवर पसरत राहते. मग पाणी आटतं, थंडी पडते, अन्न संपतं. तेव्हा ती पसरायचं थांबवते. धागे एकमेकांत गुंततात, घट्ट होतात, वरचा थर कडक होऊन साल धरतो. जे काही अन्न उरलंय ते सगळं आत कोंबते आणि गप्प पडून राहते. महिने, कधी वर्षं. बरे दिवस आले की त्याच गाठीतून पुन्हा धागे फुटतात, नाहीतर सरळ छत्री उगवते. सगळ्या बुरश्या असं करत नाहीत, थोड्याच करतात. त्या थोड्यांतल्या अगदी मोजक्या अशा की ज्यांच्या छत्रीत माणसाचं डोकं फिरवणारं रसायन असतं, सायलोसायबिन. तेच गाठीतही उतरतं. हे तुझं ट्रफल. तिकडे एका देशानं छत्र्या विकायला बंदी केली आणि गाठीचं नाव बंदीत घालायचं राहिलं. झालं, दुकानं गाठी विकायला लागली."

"खाल्ल्यावर काय होतं, सर?"

"कुणाला रंग दिसतात, कुणाला मेलेला बाप दिसतो, कुणी घाबरून सैरावैरा धावतं. आपल्याकडे तुरुंग दिसतो." वर्ग हसला. मीही दारात उभी राहून हसले.

तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. मंजुळा. सुरगाण्याकडच्या पाड्यावरची, हॉस्टेलला राहायची, वर्गात शब्द नाही. पण बुरशीच्या ताटल्यांवर सुट्टीच्या दिवशी पाणी घालायला येणारी ती एकटीच. ती म्हणाली, "सर, आमच्याकडं पण गाठी काढतात. वाळवी सोडून गेली ना की त्या वारुळातून. चुलीवर धुरात टांगून ठेवतात. तान्ह्या पोराला सहाणेवर उगाळून देतात, पोटाला." सरांचे डोळे असे झाले की मला वाटलं आता रुमाल पसरतात. "घेऊन ये!" ती म्हणाली, "नाही आणता येत. बाळंतिणीच्या घरातच द्यायची असते, बाहेरच्याला दाखवत नाहीत. आई मारेल." सर म्हणाले, "मग मीच येतो. पाऊस सरला की येतो." वहीत लिहून ठेवलं. पाऊस सरला, परीक्षा आल्या, मूल्यांकन आलं, सरांच्या पत्नी आजारी पडल्या आणि गेल्या. पुढच्या पावसातही राहिलं. मंजुळा एम.एस्सी. झाली, पेढे देऊन गेली. सर निवृत्त झाले. ते जाणं राहिलं ते राहिलंच.

निवृत्तीनंतर सरांचं काय झालं ते बघवत नव्हतं. बुरशीचा विषय अभ्यासक्रमात दोन प्रकरणांवर आला. त्यांच्या बाटल्या ठेवायला जागा नाही म्हणून नव्या विभागप्रमुखांनी त्या जिन्याखाली नेऊन ठेवल्या. सर दर गुरुवारी यायचे, माझ्या टेबलाशी बसायचे, कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचे आणि कुणीतरी काहीतरी विचारेल म्हणून वाट बघायचे. कुणी विचारायचं नाही. पोरांना बुरशे सर कोण तेही ठाऊक नव्हतं. फोटो धाडणारेसुद्धा थांबले होते, आता मोबाइलच नाव सांगतो म्हणे. एका गुरुवारी ते मला म्हणाले, "सुनंदाताई, माझ्या डोक्यात इतकं आहे आणि घेणारा कुणी नाही." मी कप पुसला. म्हटलं, चहा घ्या.

अशाच एका गुरुवारी, गणपती नुकतेच गेले होते, एक तरुण फौजदार प्रयोगशाळेत आला. अदबीनं वागणारा होता, बूट दाराशी काढायला निघाला. "खैरनार सर आपणच ना? सर, तुमच्याशिवाय नाशकात हे कुणाला कळणार?" बस. तिथंच घात झाला. सरांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. उपाशी माणसासमोर ताट यावं तसा.

दिंडोरीकडे द्राक्षबागेतल्या एका रिसॉर्टवर बाहेरगावच्या पोरांची पार्टी पकडली होती. त्यातल्या एकाचं डोकं फिरलं, त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. 'ट्रफल खाल्लं' असं तो सांगत होता. झडतीत तिथल्या एका नोकराच्या कपाटात एक पुडकं सापडलं. फौजदारानं मोबाइल पुढे केला. फोटोत स्टीलच्या ताटलीत पाच-सहा सुकलेल्या गाठी, साल तासलेल्या, सुरकुतलेल्या, कडेला निळसर झाक. "सर, हेच का ते?"

सर म्हणाले, "वस्तू आणा."

"मुद्देमाल सीलबंद आहे सर. तपासणीला गेला. तो रिपोर्ट यायचा तेव्हा येईल. आत्ता साहेबांना फक्त तज्ज्ञांचं मत हवंय."

मी सरांकडे बघितलं. वाटलं, आता म्हणतील बाराव्या दिवसाचं. त्यांनी फोटो मोठा केला, चष्मा कपाळावर नेला. मग बोलायला लागले आणि तासभर बोलत होते. खरं ट्रफल काय, ही गाठ काय, धागे कसे गुंततात, निळं का पडतं, कोणत्या देशात काय कायदा. फौजदार मान डोलवत होता. मग सरांनी मला टाइप करायला सांगितलं. दीड पान झालं. त्यात 'फोटोवरून निश्चित सांगता येत नाही' होतं, 'अशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गाठीही असतात' होतं, 'उगवून पाहणे आवश्यक' होतं. मीच टाइप केलं, मला पाठ आहे.

फौजदारानं वाचलं आणि डोकं खाजवलं. "सर, एवढं साहेब वाचणार नाहीत. दोन ओळींत द्या ना. आहे की नाही, तेवढंच."

सरांनी फोटो पुन्हा मोठा करून बघितला. मग म्हणाले, "दिसायला तर तीच आहे." मला म्हणाले, "सुनंदाताई, लिहा." त्या दोन ओळी अशा होत्या: छायाचित्रातील वस्तू ही मादक गुणधर्म असलेल्या बुरशीची गाठ असल्याचे दिसते, सबब अभिप्राय दिला आहे. सही, हुद्दा, निवृत्त. मी कागद काढला, त्यावर विभागाचा शिक्का मी मारला. दीड पान मी खोडलं. त्या वेळी मला वाटलं, बरं झालं, सरांना कुणीतरी विचारलं. मला आनंद झाला होता हो! स्वतःची लाज वाटते.

कपाट कोणाचं हे सरांनी विचारलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. 'तज्ज्ञ प्राध्यापकांचा दुजोरा' असं मोठ्या अक्षरात आणि खाली मंजुळाचं नाव, गावासकट. ती त्या रिसॉर्टवर पर्यटकांना बाग दाखवायची, वेल कशी वाढते ते समजावून सांगायची. पाच महिन्यांचं मूल घेऊन तिथल्याच खोलीत राहत होती. पेपरात लिहिलं होतं, आरोपी महिला 'हे घरचं औषध आहे' असा कांगावा करीत होती.

सर स्लिपर घालूनच आले, हातात पेपर. खुर्चीवर बसले नाहीत. "सुनंदाताई," म्हणाले, "ती बाळंतीण आहे." एवढंच. मला आधी समजलंच नाही. मग तो तास आठवला, सडका कांदा, मागे थांबलेली मुलगी, बाळंतिणीच्या घरातली ती गाठ. सर भिंतीकडे बघून म्हणत होते, "मनं चुकी गयं. मनं चुकी गयं." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं, कुठल्याच भाषेत.

त्या दिवसापासून सर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवायला लागले. माझं मत मागे घ्यायचंय, म्हणाले. फौजदार तसाच अदबीनं वागत होता. "सर, आता तुमच्या मतावर काही नाही. रिपोर्ट येऊ द्या." सर म्हणाले, मग त्यातली एक गाठ मला द्या, मी उगवून दाखवतो. वाळवीच्या गाठीतून काळी काडीसारखी बुरशी येते, त्या दुसऱ्या गाठीतून छत्री येते, आंधळ्यालाही फरक कळेल. सीलबंद माल कोण देतं? वकिलाकडे गेले. वकील म्हणाला, तुमचंच पत्र आडवं येतंय. पेपरवाल्यांकडे गेले. ते म्हणाले, सर, रिपोर्ट आला की बघू. सर मला सांगायचे, "दोन्ही गाठी एकाच रीतीनं होतात हो. वाळवी वारूळ सोडून गेली की तिनं दाबून ठेवलेली बुरशी मोकळी होते, पसरते, मग अन्न संपायला लागलं की गाठ धरते. तासून सुकवल्यावर बाहेरून दोघी बहिणी. ती निळी झाक नुसती स्टीलच्या ताटलीची असेल. एकीत विष आहे, एकीत नाही. आणि मी फोटो बघून सांगितलं!" हे ते मला दर गुरुवारी सांगायचे. मी दर गुरुवारी ऐकायचे.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. मंजुळा आतच. मूल तुरुंगात नको म्हणून तिनं ते आईकडे पाड्यावर धाडलं. अंगावरचं दूध आटलं. नवऱ्याकडच्यांनी दार लावून घेतलं. होळीच्या आधी रिपोर्ट आला: गाठींत तसलं काहीही नाही. तिला सोडलं. सर पुन्हा पेपरवाल्यांकडे गेले, रिपोर्ट घेऊन. "सर, बातमी जुनी झाली आता," असं उत्तर मिळालं. सरांनी तिला फोन केला. माझ्या टेबलावरूनच केला, स्पीकर लावून, म्हणजे मलाही ऐकू यावं. ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "सर, मी सांगितलं होतं ना तुम्हाला त्या गाठींचं. पहिल्या वर्षाला." मग म्हणाली, "ठेवते, मुकादम बोलावतोय."

चैत्रात सर म्हणाले, मला सुरगाण्याला जायचंय, येता का? मी गेले. एकट्यानं जाण्यासारखी त्यांची तब्येत राहिली नव्हती, आणि माझ्या बोटांनीच ते टाइप केलं होतं, मी तरी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? एसटी, मग जीप. जीपमध्ये माणसावर माणूस, सर माझ्या पिशवीवर बसलेले. वाटेत दरीकडे बोट करून एकदा कुठल्याशा झाडाचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मंजुळा घरी नव्हती. दिंडोरीला खरड छाटणीच्या टोळीत गेली होती, पाड्यावरच्या बायांबरोबर. एम.एस्सी. झालेली पोर, ज्या बागा माणसांना फिरवून दाखवायची त्याच बागांत रोजानं वेली छाटत होती. घरी आई, सोनीबाई, आणि कडेवर वर्षभराचं पोर. बाईनं खाट टाकली, पाणी दिलं. सरांनी नाव सांगितलं. तिनं पोराला पदराआड घेतलं. सर उठले आणि तिच्या पायाशी वाकले. मी आयुष्यात इतकी अवघडले नव्हते. बाई मागे सरकली. "नका वो सर. पाप लागल मना."

सर सांगत राहिले. चूक माझी, गाठीत काही नव्हतं, रिपोर्ट आला, मंजुळाची काही चूक नाही. बाई ऐकून घेत होती. मग पोराला दुसऱ्या कडेवर घेऊन तिनं विचारलं, "सर, एक विचारू का?"

"विचारा ना आई."

"माझी पयली पोरगी सात महिन्यांची गेली. लय वर्सं झाली. तिला पण मीच उगाळून पाजली ती गाठ. यानंच गेली का?"

सर म्हणाले, "नाही. नाही हो आई. त्यात काहीच नाही. औषधच आहे ते."

"पण तुमीच लिवून दिला ना, विष हाय म्हणून? पेपरात आला. मास्तरनं वाचून दाखवला सगळ्या पाड्याला."

"ते चुकलं माझं. आता सांगतोय ते खरं आहे."

बाईनं मान हलवली. रागावून नाही. भाव करताना बाजारात बाई मान हलवते तशी, पटलं नाही म्हणून. "तवा पण तुमीच सांगला, आता पण तुमीच सांगता." आणि मग हळू आवाजात, "रातचा नीज येत नाय मना. सहा पोरं पाजली मी. सुनांची पोरं पाजली. या पाड्यावर कोणाचा पोर आजारी पडला का बाया माझ्याकडं बघतात."

मी खरंच सांगते, तोवर आम्ही दोघं मंजुळाचंच दुःख वाहून तिथवर गेलो होतो. त्या दोन ओळींनी इथं या म्हातारीच्या चुलीपाशी येऊन काय करून ठेवलं होतं, हे आमच्या डोक्यातही नव्हतं.

"द्या मला एक गाठ," सर म्हणाले. "तुमच्यासमोर उगाळून पितो. आत्ता पितो."

"कुठून देऊ? समद्या पाड्यानं चुलीत घातल्या. एक बी नाय ठेवली."

बाहेर जीपचा भोंगा वाजला. शेवटची जीप, दुसऱ्या दिवशी माझी प्रॅक्टिकल परीक्षा, पंचवीस पोरांची मांडामांड. मी म्हटलं, सर, चला. सर अंगणात आले ते जीपकडे गेलेच नाहीत, घरामागे निघाले. म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, ताई. मी उद्या येतो." आणि मी झाले पुढे. का झाले, देव जाणे. थांबायला हवं होतं. परीक्षेचं काय, कुणीही मांडली असती. सर दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातांनी परतले, असं त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळलं. त्यानंतरचे गुरुवार ते आले नाहीत, फोन उचलला नाही. मृगाच्या आठ दिवस आधी गेले. मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या जीपमधूनच.

जीप वळणावर हळू झाली तेव्हा मागचं माळरान दिसलं. चैत्रातली माती दगडासारखी झालेली. सर वाळवीनं सोडलेल्या एका वारुळापाशी गुडघ्यांवर बसले होते. चाकूनं थोडं उकरलं असावं, मग चाकू टाकून हातच आत घातला, कोपरापर्यंत. पांढरा सदरा तांबड्या मातीनं माखला होता. सोनीबाई पोराला घट्ट धरून दहा पावलांवर उभी होती. जवळ जायला भीत होती आणि ओरडत होती, "सर, हात काढा! आत जनावर असतं! हात काढा वो सर!"

सरांनी हात काढला नाही. आणखी आत घातला.